‘कोणी केलं, माहीत नाही’

१९०७ च्या सुमाराची गोष्ट. इलेक्ट्रा हॅवमायर नावाच्या तरुण मुलीने कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्ड गावात १५ डॉलरना एक लाकडी पुतळा विकत घेतला. तंबाखूच्या दुकानाबाहेर गिऱ्हाइकांसाठी खूण म्हणून मूलनिवासी इंडियनांच्या वेषातले पुतळे उभे करत, त्यातला हा एक. पोरीने तो घरी आणला आणि आईने कपाळाला हात लावला. आता ही आई, लुईझिन हॅवमायर, कोणी ऐरीगैरी नव्हती. नवरा साखरसम्राट, घरात रेम्ब्रांट, आणि पॅरिसमध्ये लोक ज्या चित्रांना हसत होते ती देगा, माने, मोने यांची चित्रं चित्रकार मेरी कसॅटच्या सल्ल्याने आधीच विकत घेऊन ठेवणारी ही बाई. तिलाही त्या पुतळ्यात अडगळच दिसली. मुलगी पुढे वेब घराण्यात गेली, पण छंद सुटला नाही. १९४७ साली तिने व्हरमाँटमध्ये शेलबर्न संग्रहालय काढलं. गोधड्या, वातकुक्कुट, लाकडी बदकं, खेळणी, जुनी घरं, इतकंच काय तर ‘टायकोंडेरोगा’ नावाची अख्खी आगबोट जमिनीवरून रूळ टाकून ओढत १९५५ मध्ये त्या आवारात आणून ठेवली.

आईची नजर तोकडी पडली आणि मुलीची लांब पोचली, असा या गोष्टीचा शेवट सहसा करतात. मला ती अर्धीच वाटते. आई देगाच्या स्टुडिओत जाऊन आली होती. पैसे मोजताना चित्र कोणाचं, हे तिला ठाऊक होतं आणि ते तिला महत्त्वाचं वाटत होतं. मुलीच्या गोष्टीत किंमत आहे, गाव आहे, आईचा वैताग आहे. पुतळा कोणी कोरला, हा प्रश्न त्या गोष्टीत येतच नाही. अमेरिकन लोककलेच्या संग्रहाचा पुढचा शंभर वर्षांचा इतिहास मला या न आलेल्या प्रश्नाचा इतिहास वाटतो.

आपल्याकडे ‘लोककला’ म्हटलं की तमाशा, भारूड, गोंधळ, दशावतार डोळ्यांपुढे येतात. म्हणजे करणारा माणूस समोर उभा असतो, घामाघूम, संबळ वाजतंय. अमेरिकेत ‘फोक आर्ट’ म्हटलं की डोळ्यांपुढे वस्तू येते. भिंतीवर टांगलेली, काचेत ठेवलेली, खालून दिवा सोडलेली. करणारा कुठेच नाही. चिठ्ठीवर साल अंदाजे, प्रदेश अंदाजे, आणि निर्माता: अज्ञात. जुन्या वस्तूंच्या बाजारात विक्रेते ‘कोणी केलं, माहीत नाही’ हे वाक्य उणीव म्हणून सांगत नाहीत. अत्तराचा फाया फिरवावा तसं ते गिऱ्हाइकापुढे फिरवतात.

हे वाक्य बाजारात आलं कसं? १९२० च्या दशकात मेन राज्याच्या किनाऱ्यावर ओगनक्विट या गावी काही चित्रकार उन्हाळ्यात जमत. हॅमिल्टन ईस्टर फील्ड या चित्रकार-समीक्षकाने तिथे कोळ्यांच्या जुन्या खोपटांत त्यांची सोय केली होती आणि खोपटं सजवली होती ती आसपासच्या जुनाट सामानाने: चिंध्यांचे गालिचे, शिकाऱ्यांची फसवी बदकं, वातकुक्कुट. आधुनिक चित्रकला करू पाहणाऱ्या त्या मंडळींना या वस्तूंमध्ये आपलेच पूर्वज भेटले. सपाट रंग, ठसठशीत आकार, छायाप्रकाशाचा सोस नाही. युरोपात पिकासो जे आफ्रिकी मुखवट्यांत शोधत होता ते आपल्या परसात पडलंय, असा तो आनंद होता. तो खरा होता, हे मी मान्य करतो. या चित्रकारांनी त्या वस्तू डोळे भरून पाहिल्या नसत्या तर त्यांतल्या निम्म्या चुलीत गेल्या असत्या.

पण पाहणारे कोण होते, तेही पाहण्यासारखं आहे. एली नॅडलमन हा शिल्पकार वॉर्सामध्ये जन्मलेला. त्याने आणि बायकोने न्यूयॉर्कच्या रिव्हरडेल भागात १९२६ साली लोककलेचं संग्रहालयच उघडलं. १९२९ च्या मंदीत पैसा गेला आणि १९३७ मध्ये तो संग्रह विकावा लागला. ग्रेनिच व्हिलेजमध्ये गॅलरी चालवून या वस्तूंना बाजार मिळवून देणारी ईडिथ हॅलपर्ट ओडेसात जन्मलेली. न्यूअर्कच्या संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये या कलेची प्रदर्शनं भरवणारा होल्गर केहिल आइसलँडमध्ये जन्मलेला, मूळ नाव वेगळंच. ओगनक्विटच्या मंडळींतला यासुओ कुनियोशी जपानचा, ज्याला त्या काळचा कायदा नागरिकत्वच देत नव्हता. १९२४ साली अमेरिकेने स्थलांतरितांवर कडक कोटे बसवले, आशियातून येणाऱ्यांना जवळजवळ दार लावून घेतलं. त्याच वर्षी मेट्रोपॉलिटन म्युझियमने जुन्या अमेरिकन वस्तूंसाठी वेगळी इमारत उघडली. देश ‘खरे अमेरिकन कोण’ हा वाद घालत होता, आणि खऱ्या अमेरिकन माणसाने केलेल्या वस्तू कोणत्या, हे ठरवायला मदत करत होती बाहेरून आलेली माणसं. मला यात उपरोधापेक्षा गरज जास्त दिसते. ज्यांचे आजे-पणजे या मातीत पुरलेले नव्हते, त्यांना विकत घेता येतील असे पूर्वज हवे होते. आणि विकत घ्यायच्या पूर्वजाला नाव नसलेलंच बरं. नाव आलं की नातेवाईक येतात.

१९३२ साली मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये केहिलने भरवलेल्या प्रदर्शनाचं नावच होतं, ‘अमेरिकेतल्या सामान्य माणसाची कला’. त्यातल्या जवळजवळ सगळ्या वस्तू अॅबी ऑल्ड्रिच रॉकफेलर या एकाच बाईंच्या होत्या. हॅलपर्टने त्या गोळा करून दिल्या होत्या. बाईंनी आपलं नाव तेव्हा जाहीर होऊ दिलं नाही. म्हणजे त्या दालनात दोन प्रकारची अनामिकता शेजारी शेजारी नांदत होती. एक रॉकफेलरांच्या घरची, मर्जीने पांघरलेली, हवी तेव्हा उतरवता येणारी. दुसरी वस्तू करणाऱ्यांची, जिच्याबद्दल त्यांना कोणी विचारलं नव्हतं. पहिली काही वर्षांत उतरलीही. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गमध्ये १९५७ साली बाईंच्या नावाने संग्रहालय उभं राहिलं, ते आजही आहे.

आता ‘सामान्य माणूस’ या शब्दाकडे वळू. वातकुक्कुट म्हणजे धान्याच्या कोठारावर, चर्चच्या मनोऱ्यावर वारा कुठून वाहतो ते दाखवणारा कोंबडा, घोडा किंवा देवदूत. संग्राहकांच्या मनात त्याचं चित्र असं: हिवाळ्याच्या रात्री शेतकरी शेकोटीपाशी बसून तांब्याचा पत्रा ठोकतोय, वेळ जात नाही, हात मात्र कलावंताचे. एखाददुसरा असा असेलही. पण लिलावात भाव खाणारे कितीतरी वातकुक्कुट मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमच्या कुशिंग अँड व्हाइटसारख्या किंवा न्यूयॉर्कच्या फिस्केसारख्या कारखान्यांत झाले. लोखंडी साच्यात तांब्याचा पत्रा ठोकून दोन अर्धुकं काढायची, डाख देऊन जोडायची, वर सोन्याचा वर्ख. छापील कॅटलॉग, आकारानुसार दर, टपालाने मागवा. २००६ साली सोदबीच्या लिलावात एक वातकुक्कुट ५८ लाख डॉलरच्या वर गेला. धनुष्यबाण घेतलेला इंडियन सरदार. तोही जे. एल. मॉट आयर्न वर्क्सचा, म्हणजे जे लोक न्हाणीघरातली भांडी विकत त्यांचाच माल. तंबाखूच्या दुकानातले पुतळेही तसेच. शिडाची जहाजं कमी झाली तेव्हा नाळेवरच्या मूर्ती कोरणारे कारागीर दुकानांसाठी पुतळे कोरू लागले. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल रॉबच्या कारखान्यात माणसं हाताखाली ठेवून हे काम चाले, सर्कशीच्या गाड्याही तिथेच कोरल्या जात.

यात त्या वस्तूंचं काही कमी होत नाही. मॉटचा सरदार देखणाच आहे. पण कारखान्याला हजेरीपट असतो, पगार असतो, मुकादम असतो, संप असतो. शेकोटीपाशी बसलेल्या शेतकऱ्याला यातलं काही नसतं, त्याला फक्त निरागसपणा असतो. केनेथ एम्स या अभ्यासकाने १९७७ साली विंटरथर संग्रहालयातर्फे भरवलेल्या प्रदर्शनात आणि त्यासोबतच्या निबंधात हेच सांगितलं: एकटा कारागीर, न शिकलेला हात, गरीब पण समाधानी माणूस, या सगळ्या समजुती वस्तूंपेक्षा संग्राहकांबद्दल जास्त सांगतात. संग्राहक आणि विक्रेते चिडले. चिडण्यासारखंच होतं. त्यांनी पैसे मोजले होते ते वस्तूचे अर्धे आणि निरागसपणाचे अर्धे, आणि हा गृहस्थ अर्धे पैसे पाण्यात गेले असं सांगत होता.

‘अज्ञात’ या शब्दाचा पोकळपणा एका जोडप्याने फार सुंदर दाखवला. न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्सच्या सीमेवर एकोणिसाव्या शतकात गावोगाव फिरून माणसांच्या तसबिरी करणारे चित्रकार होते. त्यातल्या एकाला अभ्यासकांनी ‘सीमेवरचा चित्रकार’ असं नाव दिलं होतं, दुसऱ्याला ‘केंटचा चित्रकार’. शैली अगदी वेगळ्या: एकाचे रंग मऊ, मोत्यासारखे, दुसऱ्याचे गडद आणि ठाम. बार्बरा आणि लॉरेन्स होल्ड्रिज या जोडप्याच्या हाती १९५० च्या दशकाच्या अखेरीस अॅमी फिलिप्स अशी सही असलेलं एक चित्र आलं. (बार्बरा म्हणजे कवींचे आवाज तबकड्यांवर आणणाऱ्या कॅडमन रेकॉर्ड्सच्या संस्थापकांपैकी एक. कोणता आवाज कोणाचा, याचा कान तिला होताच.) दोघं गावोगावची दफ्तरं, घराण्यांचे कागद चाळत बसले आणि कळलं की सीमेवरचा आणि केंटचा, दोघेही एकच, १७८८ मध्ये जन्मलेला आणि १८६५ मध्ये वारलेला अॅमी फिलिप्स. लाल झग्यातली मुलगी, हातात मांजर, पायाशी कुत्रा, हे अमेरिकन लोककलेतलं बहुधा सर्वांत ओळखीचं चित्र त्याचंच. माहिती सगळी होती. जनगणनेत होती, चर्चच्या वहीत होती. शोधायला मात्र सह्यांबद्दल उत्सुक असलेली दोन माणसं लागली.

संग्राहकाला खरोखर काय हवंय, हे जाणून घ्यायचं तर मी बनावट वस्तू करणाऱ्याला विचारेन. संग्राहक स्वतःशी खोटं बोलेल, बनावट करणाऱ्याला ते परवडत नाही. ऱ्होड आयलंडचा शिल्पकार आर्मंड लामॉन्टेन याने १९६९ साली सतराव्या शतकातल्या धाटणीची एक खुर्ची बनवली, तज्ज्ञांची खोड मोडायची म्हणून. धूर दिला, रंग उडवला, दांड्या झिजवल्या, मुद्दाम काही भाग गाळले. खुर्ची हातोहाती फिरत हेन्री फोर्ड म्युझियममध्ये ९ हजार डॉलरला पोचली. १९७७ मध्ये त्याने स्वतःच ते उघड केलं, आणि पुरावा म्हणून सांगितलं की आतली भोकं मी आजच्या ड्रिलने पाडलीत, तपासा. तपासलं, तसंच निघालं. संग्रहालयाने ती खुर्ची फेकली नाही, शिकण्यासाठी ठेवून घेतली. हा त्यांचा मोठेपणा. त्या खुर्चीत विकलं गेलं ते झिजणं. कोणीतरी तीनशे वर्षं बसल्याची खूण.

दुसरी गोष्ट अलीकडची आणि जास्त बोचरी आहे. २०१५ साली हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनिअम संग्रहालयाने एक लिहिण्याचं कपाट घेतलं. यादवी युद्धात अँटिटमच्या लढाईत पडलेल्या जवानाच्या आठवणीसाठी सहकाऱ्यांनी त्याच्या भावाला १८७६ साली दिलेलं, हाडाची नक्षी, आत संगीताची पेटी, सोबत हृदयस्पर्शी हकिगत. काही वर्षांत कळलं की कपाट जुनं असलं तरी नक्षी, हकिगत, सगळं एका आजच्या कारागिराने रचलेलं होतं. जवान आणि त्याचा भाऊ मात्र खरे होते. लामॉन्टेनने लाकूड म्हातारं केलं होतं. याने शोक म्हातारा केला. पन्नास वर्षांत बाजार कुठून कुठे आला ते बघा. पूर्वी नाव नसलं की वस्तू खपत होती, आता नाव आणि दुःख असलं की खपते. मी या लेखात नावाची बाजू लावून धरतोय, तेव्हा हे कपाट मलाही आडवं येतं हे कबूल करायला हवं. नाव विचारणं वेगळं आणि नावाला चटावणं वेगळं.

झिजण्याचा हिशेब फसव्या बदकांत सर्वांत स्वच्छ दिसतो. पाणथळीवर उडत्या बदकांना खाली उतरवण्यासाठी शिकारी लाकडाची रंगवलेली बदकं तरंगत ठेवत. बाजारासाठी केली जाणारी घाऊक शिकार १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने थांबली, आणि काम संपलेल्या बदकांचा छंद सुरू झाला. केप कॉडच्या एल्मर क्रोवेलची दोन बदकं २००७ साली प्रत्येकी ११ लाख डॉलरच्या वर गेली. क्रोवेल आपल्या बदकांच्या पोटावर छाप डागत असे. या धंद्यात माणसाचं नाव टिकलं, कारण शिकारी मित्राला ‘कोणाकडून केलंस?’ असं विचारायचे. वापरणाऱ्याला करणाऱ्याचं नाव हवं असतं, पुढचं बदकही त्याच्याकडूनच करून घ्यायचं असतं. नाव गळतं ते वापर संपून वस्तू भिंतीकडे जाते त्या वाटेवर.

भिंतीपर्यंतची ही वाट गोधडीने सगळ्यांत लांब चालली. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या गोधड्या चित्रांसारख्या उभ्या टांगल्या गेल्या. निवडीचा निकष एकच, त्या अमूर्त चित्रांसारख्या दिसतात का. प्रदर्शन गाजलं, गोधडीला कलेचा दर्जा मिळाला, आणि मी त्या दोघांना त्याचं श्रेय देतो. मात्र त्या डोळ्याला घडी, ऊब, दुपटी, आजारपण दिसायचं कारण नव्हतं. ज्यांच्या घरी आजीच्या नऊवारीची गोधडी होती, त्यांना हे समजावून सांगायला नको. आपण त्या गोधडीवर कधी ‘आकृतिबंध’ बघितला नाही. कोणतं लुगडं कुठे लागलंय ते बघितलं.

आता अलाबामातलं जीज बेंड. नदीच्या वळणात अडकलेलं गाव, गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांचं. मळ्याच्या मालकाचंच आडनाव सगळ्यांना चिकटलं, म्हणून गावभर पेटवे. १९४२ साली मिझुरी पेटवेचा नवरा वारला. तिने त्याचे कामाचे कपडे घेतले, गुडघ्यावर विटलेल्या विजारी, सदरे, आणि त्यांची गोधडी शिवली, त्याची आठवण अंगावर घेऊन निजता यावं म्हणून. मुलगी आर्लोन्झिया तेव्हा मदतीला होती, तिने हे सांगून ठेवलं. गोधडीतले राखाडी-निळे आडवेउभे पट्टे १९७१ च्या निकषावरही पहिल्या नंबरात येतील. पण कपडा कोणाचा हे कळल्यावर विटलेला निळा रंग तसाच दिसत राहतो का? मला नाही दिसत. गुडघा दिसतो. हे भावुक होणं नाही. कापड कुठे विटलं हे माणसाच्या श्रमाने ठरवलं होतं आणि रचना त्या विटण्यावर उभी आहे. म्हणजे नाव आणि गोष्ट वस्तूच्या बाहेरची पुरवणी नाही, ती वस्तूच्या रंगातच आहे.

जीज बेंडच्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनला आणि मग व्हिटनीत गेल्या, यावेळी प्रत्येकीच्या नावासह. २००६ साली टपाल तिकिटं निघाली. २००७ मध्ये गावातल्या काही बायांनी संग्राहकांवर दावे ठोकले, आमच्या कामाचा आणि नावाचा पैसा कुठे गेला म्हणून. ते पुढे तडजोडीने मिटले. कोणाचं बरोबर हे मी इथे ठरवत नाही. एवढंच म्हणतो, की अनामिक गोधडी कोर्टात जात नाही.

अलाबामातल्याच बिल ट्रेलरचं प्रकरणही हेच सांगतं. गुलामीत जन्मलेला हा माणूस ऐंशी ओलांडल्यावर माँटगोमरीच्या मन्रो स्ट्रीटवर बसून टाकाऊ पुठ्ठ्यांवर चित्रं काढू लागला. चार्ल्स शॅनन या तरुण चित्रकाराने हजाराच्या वर चित्रं जपून ठेवली. न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमने त्यातली काही घ्यायची तयारी दाखवली, दर लावला एक-दोन डॉलर. शॅननने चित्रं परत मागून घेतली. २०२० च्या जानेवारीत ट्रेलरचं एक चित्र लिलावात ५ लाख डॉलरच्या वर गेलं. एक डॉलर ही किंमत तेव्हाही चित्राची नव्हती. ती विकणाऱ्याच्या गरजेचा अंदाज होता.

राहता राहिला डेव्ह. दक्षिण कॅरोलायनातल्या एजफील्ड भागात गुलाम म्हणून राबणारा कुंभार, माणूस मावेल एवढे रांजण घडवणारा. १८३४ साली त्या राज्याने गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं गुन्हा ठरवलं. आणि हा गडी ओल्या मातीवर काडीने तारीख कोरतो, दोन ओळींचं काव्य कोरतो, आणि अभंगाच्या शेवटी संताने आपलं नाव घालावं तसं ‘डेव्ह’ असं नाव कोरून रांजण भट्टीत घालतो. एकदा भाजलं की कोणाला पुसता येऊ नये असं. गुलामी संपल्यावर त्याने डेव्हिड ड्रेक हे पूर्ण नाव घेतलं. १८५७ च्या एका रांजणावर तो विचारतो की माझे सगळे नातलग कुठे गेले. त्याचा १८५८ चा एक रांजण २०२१ मध्ये १५ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला.

२०२५ च्या शेवटी बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सने ड्रेकचे दोन रांजण त्याच्या वंशजांच्या मालकीचे असल्याचं मान्य केलं. जो आपल्या कामाचा मालक नव्हता त्याने ते विकलं असं म्हणता येत नाही, असा तो हिशेब. एक रांजण वंशजांनी तिथेच उसना ठेवला. दुसरा संग्रहालयाने त्यांच्याकडून पुन्हा विकत घेतला, यावेळी रीतसर पैसे मोजून. या दुसऱ्या रांजणावर १८५७ साली ड्रेकने जे कोरलंय त्याचा अर्थ साधारण असा: हा रांजण मी पैशासाठी केला, लोक पैशाला कचरा म्हणत असले तरी.